मागच्या सीटवरचा गड

चूक आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल उगीच बरं मत करून घेणार नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मी मोटारीच्या मागच्या सीटवर साखरेचा आणि बदामाचा एक गड बसवला, हलू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी उशा लावल्या, वरून धुवट साडी पांघरली. आणि पाच वर्षांच्या पोटच्या पोरीला पुढं माझ्या मांडीवर घेऊन एकाच पट्ट्यात दोघींना अडकवून घेतलं. पट्टा म्हणजे मोटारीत बसल्यावर अंगावरून लावायचा पट्टा. लावताना मला फार हुशारी वाटली होती. एका पट्ट्यात दोन जीव! असा हिशेब त्या वेळी कोल्हापुरात माझ्याएवढा कुणाला जमत नव्हता.

‘वहिनी, असं करू नका’ म्हणून ज्यांनी चार वेळा सांगितलं होतं, ते माझे धाकटे दीर वसंतभावजी गेल्या महिन्यात गेले. सकाळी मी अंगणात वाळवणाचे डबे उन्हाला ठेवत होते. थोरला मुलगा फाटकातून आत आला आणि पायातल्या चपला न काढताच उभा राहिला. म्हणाला, “आई, काका कारखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले.” मी म्हटलं, “असं कसं?” आणि हातातला डबा नीट झाकून ठेवला. नंतर माझ्या लक्षात आलं, की ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर ते दुःख नव्हे. ‘आता राहिलंच,’ एवढंच आलं. काय राहिलं, ते सांगायलाच हे लिहितेय.

भावजी तेव्हा जर्मनीहून आले होते. ओतकामाचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं गेले होते आणि परत येऊन उद्यमनगरात आमच्या घरच्या कारखान्याची भट्टी नव्यानं मांडणार होते. त्या काळात परदेशाहून माणूस आलं, की ट्रंक उघडायला घरातलं मांजरसुद्धा येऊन बसायचं. सासूबाईंना घड्याळ हवं होतं, आमच्या ह्यांना दाढीचं यंत्र, मला अत्तर. म्हणजे मी मागितलं नव्हतं, पण चार पत्रांत ‘तिकडं अत्तरं चांगली मिळतात म्हणे’ एवढं लिहिलं होतं. ट्रंक उघडली. कपड्यांच्या खाली, लोकरी मफलरमध्ये गुंडाळून, पोटच्या पोरासारखं जपून आणलेलं काय निघालं? चार राखाडी पट्टे आणि त्यांची लोखंडी कुलपं. मी म्हटलं, “भावजी, म्हशी घ्यायच्या आहेत का?” सगळे हसले. तेही हसले. मग मोठ्या उत्साहानं सांगायला लागले, की गाडी आदळते तेव्हा गाडी थांबते, पण आतला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगानं पुढं जात राहतो; काचेवर, नाहीतर समोरच्या फळीवर जाऊन थांबतो. त्याला आधीच धरून ठेवायचं, तेवढंच ह्या पट्ट्याचं काम. सासूबाई गारगोटीकडच्या, तोंडाला फडकं नाही. त्या तिथल्या तिथं म्हणाल्या, “जित्या माणसाला बांधत्यात व्हय रं? मेल्यावर बांधायचंच हाय की!”

झालं. त्या दिवसापासून तो पट्टा आमच्या घरात अपशकुनी ठरला. तिरडीवर आडवं बांधतात तसंच दिसतं म्हणून गल्लीतल्या बायकांनीही नाकं मुरडली. भावजींनी कुणाचं ऐकलं नाही. घरची जुनी काळी मोटार दस्तगीरमामांच्या दुकानी नेली. मामा मोटारींच्या सीटा शिवायचे आणि हूड बदलायचे. त्यांनी पट्टा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “घोड्याचा तंग हाय की वो ह्यो! माणसाला कशाला?” भावजी म्हणाले, “मामा, घोडा पडला तर चार पायांवर उठतो.” मग दोघांनी मिळून गाडीचा तळ भोकं पाडून पक्का केला, खालून लोखंडी पत्रे लावले, बोल्ट आवळले. चालवणाऱ्याचा एक आणि शेजारच्याचा एक. उरलेले दोन मागच्या सीटला लावायचे होते. ते ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून राहिले… आता वाटतं, की सगळ्या गोष्टींत राहिलेलं असतं ते तेवढंच.

मी त्यांची किती थट्टा केली म्हणून सांगू! मी तिशीची, तोंडाळ, माहेरी सहा भावांत वाढलेली. एका सकाळी ते गाडी काढायला गेले, तर शेजारच्या सीटवर मी एक भलामोठा तांबडा भोपळा बसवून ठेवला होता. त्याला कुंकू लावलेलं, डोक्यावर माझ्या ह्यांची जुनी टोपी आणि अंगावर पट्टा, कुलूप लावून. ते दाराशी थांबले, भोपळ्याकडं बघितलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडं वळून मोठ्यानं म्हणाले, “चला, घरात एक तरी शहाणं निघालं!” गल्लीतली पोरं त्यांना ‘पट्टेवाला’ म्हणायला लागली. ते नाव मीच फिरवलं होतं. त्यांना ठाऊक होतं. तरी गाडीत बसलं, की न चुकता विचारायचे, “वहिनी, लावला का?” आणि मी लावायचे, पण काखेखालून. कारण खांद्यावरून घेतला, की पदराच्या निऱ्या चुरगळायच्या. ते गाडी थांबवून सांगायचे, “वहिनी, काखेखालून घेतलात तर बरगड्या मोडतील. खांद्यावरून. आणि खालचा भाग पोटावर नको, खाली, कमरेच्या हाडावर. पोट मऊ असतं.” मी म्हणायचे, “भावजी, माझ्या पोटाची काळजी तुमच्या भावाला करू द्या.”

पोट मऊ असतं. हे मला सांगितलेलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

त्या वर्षी फाल्गुनात माझ्या भाचीचं लग्न कोडोलीला होतं, आणि रुखवत माझ्याकडं होतं. मुलीकडची बायामाणसं आपलं कसब दाखवायला जे मांडतात ते रुखवत आमच्याकडं म्हणजे अर्धं लग्नच. जावईबापूंचं घर पन्हाळ्याकडचं, म्हणून मी ठरवलं, की पन्हाळगड करायचा. पंधरा दिवस मी घरात दुसरं काही केलं नाही. साखरेच्या पाकाचे बुरूज, बदामाची तटबंदी, खोबऱ्याच्या वाट्यांची छपरं, तीन दरवाजे वेगवेगळे, दरवाजावर वेलदोड्याचे पहारेकरी. पोरं शाळेतून आली, की त्यांना बाजूनं जायला लावायचे. नंदा माझी धाकटी, पाच वर्षांची. तिनं एकदा एक पहारेकरी खाल्ला तर मी तिला अशी ओरडले, की ती सासूबाईंच्या पलंगाखाली जाऊन बसली. दुपारी जेवायलासुद्धा आली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी निघालो. बाकीची मंडळी सकाळीच पुढं गेली होती. भावजींची बायको सुमन पोटुशी, म्हणून घरीच राहिली. गाडीत भावजी, सासूबाई, मी, नंदा आणि गड. मागं एका बाजूला सासूबाई बसल्या, उरलेली सगळी सीट गडाची. भावजींनी दारातूनच बघितलं. म्हणाले, “वहिनी, नंदाला मागं बसवा आईजवळ. गड पुढं मांडीवर घ्या.”

“मांडीवर? अंगाच्या उबेनं पाक सुटेल.”

“मग गड मागं खाली ठेवू, पायांत.”

“पायांत! रुखवत पायांत ठेवतात का? जर्मनीत ठेवत असतील.”

“वहिनी, लहान पोर पुढं नको. मी सांगतोय ते ऐका.”

“अहो, मी धरते की तिला! आईनं धरल्यापेक्षा तुमचा पट्टा जास्त धरतो का?”

मागून सासूबाई ओरडल्या, “आरं, मुहूर्त तुझ्यासाठी थांबतोय व्हय? चल की!” ते गाडीत बसले आणि म्हणाले, “निदान पट्टा तुम्ही लावा. एकट्या. नंदाला त्याच्या बाहेर ठेवा आणि हातानं धरा. मी हळू नेतो.” आता मला वाटलं, की हा माणूस माझं पोर बाहेर ठेवायला सांगतोय! मी पट्टा ओढून जेवढा सैल होईल तेवढा सैल केला, नंदाच्या पोटावरून घेतला, कुलूप खट् वाजलं आणि वर पदर पसरला. ते म्हणाले, “लावला?” मी म्हटलं, “लावला की!” नंदानं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. आमच्या दोघींचं गुपित होतं ते. गुपितं ठेवायला मीच तिला शिकवलं होतं.

त्यांनी हळूच नेली. कधी सांगितलं नव्हतं, पण आज सांगते, त्यांनी गाडी अगदी सावकाश नेली. वळणावर उसाची बैलगाडी निघाली. एक बैल बुजला, आडवा झाला आणि भावजींनी ब्रेक दाबून गाडी डावीकडं घेतली. डावीकडं झाड होतं. आवाज मोठा झाला नाही, दार जोरात लावल्यासारखा झाला. त्या एवढ्याशा वेळात मला एकच गोष्ट दिसली, ती अजून दिसते : त्यांचा डावा हात. चालवायचं चाक सोडून तो माझ्या आणि नंदाच्या पुढं आडवा आला होता, बोटं पसरलेली… जणू उघड्या हातानं गाडी थांबवता येते. तो हात समोरच्या फळीवर आपटून मनगटात मोडला. मी पुढं गेले. पट्टा सैल होता म्हणून बरीच पुढं गेले. आणि माझ्या सगळ्या वजनाच्या आणि त्या पट्ट्याच्या मध्ये माझं पोर होतं. हातानं धरते म्हणाले होते ना? कुणाच्या हातात तेवढं बळ नसतं. माझे दोन्ही हात कुठं होते, हे मला आजही आठवत नाही.

नंदा रडली नाही. तिच्या तोंडातून ‘हं’ असा एक आवाज आला, कुणी गोष्ट सांगताना पोरं हुंकार देतात तसा. भावजींनी मोडक्या हातानं माझा पदर बाजूला केला. पट्टा तिच्या पोटात रुतला होता. त्यांनी ते बघितलं. कुलूप उघडलं. माझ्याकडं बघितलं.

सासूबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. भावजींच्या खांद्यापासून छातीपर्यंत पट्ट्याचा काळानिळा वळ उमटला, मनगट सोडलं तर बाकी अंगाला ओरखडा नाही. आणि गड… उशांमध्ये बसलेला गड जसाच्या तसा होता. एक बदाम हलला नव्हता. मागून येणाऱ्या पाहुण्यांच्या जीपमधून आम्ही नंदाला कोल्हापूरला दवाखान्यात आणलं, आणि कुणीतरी भलं माणूस तो गड उचलून कोडोलीला घेऊन गेलं. तो दुसऱ्या दिवशी रुखवतात मांडला गेला. लोकांनी फार नावाजला म्हणे. ‘हे कुणी केलं?’ म्हणून वराच्या आईनं दोनदा विचारलं.

डॉक्टरांनी नंदाचं पोट उघडलं. आत रक्त साठलं होतं, प्लीहा फुटली होती, ती काढून टाकावी लागली. बाहेर येऊन ते म्हणाले, “पट्ट्याखाली चेंगरून झालंय. पोर वाचेल असं वाटतंय, पण जपावं लागेल.” तेवढंच म्हणाले. पट्ट्यात ती कशी आली, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता आणि बाकी कुणाला सुचलं नाही. सासूबाईंनी व्हरांड्यात छाती पिटून घेतली. “ह्याच्या पट्ट्यानं पोरगी खाल्ली! मी सांगितलंतं, जित्या माणसाला बांधू नगं!” कोडोलीहून धावत आलेले आमचे हे भावापुढं येऊन उभे राहिले. मी बाकावर बसले होते. माझ्या पदराला पाकाचा चिकटा तसाच होता. भावजी भिंतीला टेकून उभे, हात फळकुटाला बांधलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. अगदी साधं बघितलं, आपण दार उघडून धरतो आणि कुणी आत येतंय का म्हणून बघतो ना, तसं. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, “गाडी मी चालवत होतो. चूक माझी.”

तेव्हा बोलले असते तर? बोलले असते तर काय, एक सासू दोन महिने बोलली नसती, नवरा वर्षभर बोलला नसता, संपलं असतं. पण गावभर तोंडाळ म्हणून मिरवणारी मी त्या एका जागी मुकी झाले. आधी वाटलं, पोर वाचू दे, मग सांगते. पोर वाचली. मग वाटलं, घरी येऊ दे. घरी आली. मग तिला ताप यायला लागले. प्लीहा नसलेल्या पोराला साधी सर्दीसुद्धा अंगावर येते. दर तापाला सासूबाई भावजींच्या नावानं बोटं मोडायच्या आणि मी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत बसायचे. दर वेळी सांगणं एकेका वर्षानं जड होत गेलं.

पट्टे काढायला दस्तगीरमामांनाच बोलावलं. सासूबाईंनी समोर उभं राहून ते कापून घेतले आणि कारखान्याच्या भट्टीत टाकायला लावले. मामांना गप्प बसवेना. ते म्हणाले, “आईसाब, ज्यानं खांद्यावरनं घेतलता त्यो उभा हाय की तुमच्यासमोर.” सासूबाई म्हणाल्या, “पोरगी झोपलीया तिकडं.” मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी आत चहा टाकायला गेले.

भावजींनी पुन्हा गाडी चालवली नाही. सायकलवरून कारखान्यात जायचे. डावं मनगट वाकडं जुळलं होतं, तरी. नात्यातल्या लोकांनी त्यांच्याबरोबर पोरं पाठवायचं बंद केलं. कुणी तोंडावर बोलायचं नाही, नुसतं ‘राहू दे, आम्हीच आणून सोडतो’ म्हणायचे. नंदा त्यांची फार लाडकी होती. घरी आल्यापासून ती त्यांना बघितलं, की पोटावर हात ठेवून आतल्या खोलीत जायची. तिला आजीनं सांगितलं होतं, की काकांच्या पट्ट्यानं तुझं पोट कापलं. आणि पदराखालचं आमचं गुपित? ते ती विसरली. तेवढ्या लहान पोराच्या डोक्यातून त्या दिवसाचं सगळंच गेलं होतं. मी देवाचे आभार मानले. कशाचे आभार मानत होते ते आता कळतं. दर थंडीत भावजी तिच्या खिडकीच्या कठड्यावर पिकले पेरू ठेवून जायचे, हाक न मारता. ती खायची. कुणी ठेवले म्हणून तिनं कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हेही सांगितलं नाही.

एक सवय मात्र त्यांची गेली नाही. एसटीत असोत, रिक्षात असोत, कुणाच्या जीपमध्ये असोत, गाडीचा वेग जरा कमी झाला, की तो वाकडा डावा हात आपोआप शेजारच्याच्या पुढं आडवा यायचा. एकदा एसटीत शेजारी अनोळखी गृहस्थ होते. ते दचकले आणि म्हणाले, “काय झालं पावणं?” भावजी ओशाळून म्हणाले, “काही न्हाई, सवय हाय.” मी मागच्या बाकावर होते. घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

सासूबाई जायला टेकल्या तेव्हा तिसरी संधी आली. किंवा तिसावी असेल. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, मी पाय चेपत होते. त्यांनी भावजींना जवळ बोलावलं, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “वसंता, पोरीचं जे केलंस त्ये मी माफ केलं बाबा. मनात ठेवून जात न्हाय.” भावजींनी मान हलवली. “व्हय आई,” म्हणाले. जे त्यांनी केलंच नव्हतं त्याची माफी त्यांनी माझ्यासमोर खाली मान घालून घेतली, आणि मी सासूबाईंचा दुसरा पाय चेपायला घेतला.

शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. ते घरी आले ते हातात एक परदेशी मासिक घेऊन. पन्नाशीचे झाले होते, पण जर्मनीहून आले तेव्हाचा तोच उत्साह. चित्र दाखवलं. चालकाच्या चाकातून पांढरा फुगा बाहेर आलेला, त्यात एका लाकडी बाहुल्याचं तोंड रुतलेलं. म्हणाले, “वहिनी, बघा, आता हवेची उशी निघालीय. गाडी आदळली, की डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते.” मी म्हटलं, “मग तुमचा पट्टा सुटला म्हणायचा.” जुन्या खोडीनं म्हणून गेले. ते लगेच खुर्चीत पुढं सरकले. “छे, छे! तीच तर लोकांची चूक व्हायची. उशी पट्ट्याच्या बदली नाही, पट्ट्याच्या जोडीला. पट्टा लावला नसला तर माणूस उशी फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो. ती मऊ दिसते, पण येते ती मुसळासारखी. चाकाला चिकटून बसायचं नाही, हातभर मागं बसायचं. आणि लहान पोरं पुढं घ्यायचीच नाहीत, मागंच बसवायची, त्यांच्या मापाच्या वेगळ्या बैठकीत. मांडीवर तर…”

तिथं ते थांबले. मासिकाचं पान तसंच उघडं. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्याचा आवाज येत होता. मला आजही वाटतं, त्या दिवशी ते बोलत बोलत चुकून तिथं पोचले नव्हते. त्यांनी तिथपर्यंत मला हाताला धरून आणलं होतं.

मी म्हटलं, “भावजी…”

ते म्हणाले, “बोला ना, वहिनी.”

मी म्हटलं, “चहात साखर किती घालू?”

तीस वर्षं मी त्यांना चहा करत होते. ते बिनसाखरेचा घेतात हे आमच्या घरातल्या भांड्यांनासुद्धा ठाऊक होतं. ते मासिक मिटून म्हणाले, “घाला आज एक चमचा.” आणि तो गोड चहा त्यांनी शेवटपर्यंत प्यायला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते तिरडीवर, हारांखाली.

अंत्ययात्रेला नंदा सांगलीहून आली होती. आता तिचं लग्न झालंय, मुलगा आहे. ती दाराबाहेरच उभी राहिली, एक हात पोटावर. तिला बांधलेलं बघायचं नव्हतं म्हणाली. मला मात्र बघावं लागलं. सासूबाई म्हणायच्या तसंच होतं ते, आडवं, छातीवरून आणि कमरेवरून. पण त्या दिवसापर्यंत मी उलटंच समजत होते. जित्या माणसाला पट्ट्यानं बांधतात ते मेल्यावर बांधतात त्याची नक्कल म्हणून नव्हे. ती दोरी लवकर लागू नये म्हणून.

हे लिहायला बसण्याआधी मी नंदाला सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते तिचं तिच्यापाशी राहू दे. दुसऱ्या दिवशी ती एकटीच उद्यमनगरात जाऊन आली, भट्टीपाशी किती तरी वेळ उभी होती असं कामगार म्हणाले. आली आणि मुलाला कुशीत घेऊन झोपली. आता घरच्या गाडीत निघालं, की ती मुलाला मागं बसवते. कुणी ‘असू दे ग, पुढं घे’ म्हटलं, की ती एकच शब्द म्हणते, “मागं.” तो आवाज तिचा नसतो.

मी मात्र नंदाच्याही आधी सुमनकडं गेले होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे पांगले होते, ती पाठमोरी बसून जास्तीची ताटं पुसत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि एका दमात सांगितलं. गड, उशा, सैल केलेला पट्टा, पदर, दवाखान्यातला बाक, सासूबाईंचे पाय, साखर. मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर ताट फेकून मारेल. दोन्हीची मी तयारी करून गेले होते. तिनं हातातलं ताट पुसून संपवलं, दुसऱ्यावर ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली :

“मला त्यांनी दवाखान्यातनं आल्या आल्या सांगितलंतं, आक्का. म्हणालेते, वैनी सांगतील तवा सांगतील, तवर आपण तोंड उघडायचं न्हाय. मी वाट बघत हुते. त्येबी बघत हुते. आता मला एकटीला सांगून काय करतासा? त्यांचं नाव चार माणसांत गेलतं, चार माणसांतच सांगा की.”